ओटा कोणाच्या मापाचा?

स्वयंपाकघरातला ओटा चार इंचांनी खाली घ्यायचा, एवढ्या एका मागणीवरून घरात किती दिवस वाद चालू शकतो? आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या घरी तो अडीच महिने चालला.

मैत्रीण नोकरी करणारी. उंची चार फूट दहा इंच. फ्लॅट जुना घेतलेला, त्यात आधीच्या मालकांनी हौसेने करून घेतलेला ग्रॅनाइटचा ओटा आणि खाली स्टीलच्या ट्रॉल्या. ओट्याची उंची पस्तीस इंच. अकरा वर्षे ही बाई ओट्यापुढे लाकडी पाट टाकून त्यावर उभी राहून पोळ्या लाटत होती. पाटावरून उतरायचे, फ्रिजकडे जायचे, परत पाटावर चढायचे, परत उतरून सिंककडे. सिंकखालून पाणी झिरपून खालच्या मजल्याच्या छताला ओल आली तेव्हा फरशी आणि नळजोड काढणे भागच पडले. ती म्हणाली, गवंडी घरात आहेच, तर ओटाही खाली घेऊन टाकू.

मग सुरू झाले. मिस्त्री म्हणाला, ‘वहिनी, ही स्टँडर्ड हाइट आहे,’ आणि पुढचे सगळे बोलणे त्याने साहेबांकडे बघून केले. साहेब म्हणाले, ग्रॅनाइट फुटेल, आणि ओटा खाली गेला की भिंतीवर वरच्या टाइल्सखाली चार इंचांची उघडी पट्टी दिसेल, ती कशी दिसेल? सासूबाई म्हणाल्या, आम्ही चुलीपुढे बसून जन्म काढला, आमचे नाही काही दुखले. (त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे.) मुलगा म्हणाला, आई, पाट आहे ना तुझा! नवरा काही वाईट माणूस नाही. सकाळचा चहा करतो, कुकर लावतो, बायकोबरोबर मोर्चालाही येऊन गेला आहे. ‘तुला ओटा उंच होतो’ हे त्याला ठाऊक होते. अकरा वर्षे ठाऊक होते. पण हा प्रश्न घराचा आहे असे त्याला वाटत नव्हते. तो तिच्या उंचीचा प्रश्न होता.

मुद्दा इथे आहे. बाई ओट्याला पुरत नसेल तर दोष बाईचा. ओटा बाईला पुरत नाही असे कोणी म्हणत नाही.

घराची दुरुस्ती करताना सगळ्यांची मापे घेतली जातात. फ्रिजचे घेतात, फिल्टरचे घेतात, सिलिंडरचे घेतात, मिक्सरच्या भांड्यांसाठी ट्रॉली किती खोल हवी ते सूतभरही न चुकता मोजतात. वास्तुवाला आला तर तो ओटा आग्नेयेला हवा आणि रांधणारीचे तोंड पूर्वेला हवे असे बजावून जातो. म्हणजे तिथे एक बाई उभी राहणार आहे, आणि तिचे तोंड कुठे असणार आहे, हे त्याला पक्के माहीत असते. तिचे कोपर जमिनीपासून किती उंच आहे हे मात्र वास्तुवाला विचारत नाही, मिस्त्री विचारत नाही, ट्रॉल्यांचा कारखानदार विचारत नाही. शिंप्याकडे साध्या ब्लाउजला सात-आठ मापे देतो आपण. आयुष्यातले काही हजार तास जिथे उभे राहायचे त्या जागेसाठी एकही नाही.

काही हजार तास हे मी उगाच म्हणत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया बिनमोल घरकाम करताना आढळल्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करतात त्यांत स्त्रियांचा रोजचा वेळ २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पुरुषांचीही मिनिटे घटलीच, हे लक्षात घ्या. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्याच्या निकालात हेच २९९ आणि ९७ चे आकडे उद्धृत केले. रस्ता-अपघातात आई-वडील गमावलेल्या मुलींच्या नुकसानभरपाईचा तो खटला होता, आणि गृहिणीच्या श्रमाला पैशांत किंमत धरलीच पाहिजे असे न्यायालयाने ठामपणे म्हटले. चांगला निकाल आहे, स्वागतच आहे. पण बाई अपघातात मेली की तिचे काम हे काम ठरते. ती जिवंत असताना, त्याच कामाच्या जागेची उंची ठरवायची वेळ आली, की ती तिची ‘हौस’ ठरते.

आता हे ‘स्टँडर्ड’ काय आहे ते बघू. आपल्याकडचे मिस्त्री पूर्वी बत्तीस ते चौतीस इंच धरत. तयार ट्रॉल्यांची, म्हणजे मॉड्युलर म्हणतात ती स्वयंपाकघरे आली तशी ही उंची चौतीस-पस्तीस-छत्तीसकडे सरकू लागली. छत्तीस इंच हे अमेरिकेतले प्रचलित माप. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, आणि सरासरी म्हणजे निम्म्याजणी त्याहून बुटक्या. गंमत अशी की अमेरिकेतही हे माप कोणा शहाण्या बाईने सुचवलेले नाही. लिलियन गिलब्रेथ या अभियंता बाईंनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातल्या हालचालींचा अभ्यास केला, तेव्हा उंची काम करणारीच्या अंगाप्रमाणे ठेवा असाच त्यांचा आग्रह होता. पण कारखान्यात कपाटे एका मापाची काढणे स्वस्त पडते. म्हणून बायका एका मापाच्या धरल्या गेल्या.

त्याच्या थोडे आधी, १९२६ मध्ये, जर्मनीत मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. साधारण दहा हजार घरांत ते बसवले गेले. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी. तिने त्यात फिरते स्टूल दिले होते, बसून भाजी चिरता यावी म्हणून. नक्कल करणाऱ्यांनी कपाटे उचलली, खण उचलले, ओट्याची सलग पट्टी उचलली. स्टूल मात्र राहिले. आज दहा दुकाने हिंडा, एका तरी नमुन्यात बसण्याची सोय दाखवतात का बघा.

आपल्याकडे तर बसण्याची सवयच होती. चूल जमिनीवर, विळी जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर. त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही. धूर, वाकणे आणि सोवळे यांनी बायकांचे काय केले ते आपल्या आज्यांना विचारावे. ओटा आला, गॅस आला, बाई उभी राहिली, धुरातून सुटली, हे चांगलेच झाले. पण बसून करायची कामे उभ्याने करायला लागलो तेव्हा त्या कामांचा अंगाशी असलेला हिशोब बदलला, आणि तो नव्याने कोणी मांडलाच नाही. भाकरीचेच घ्या. जमिनीवर परातीपुढे बसून थापताना अंगाचा भार हातात उतरतो. तीच परात पस्तीस इंचांच्या ओट्यावर ठेवली की बुटक्या बाईचे खांदे कानाकडे जातात आणि सगळे काम मनगट आणि दंड करतात. मग मान आखडते. मग डॉक्टर सांगतात वजन कमी करा, कॅल्शियम घ्या.

हिशोब अवघड नाही. नेहमीच्या चपला घालून, घरात अनवाणी वावरत असाल तर अनवाणी, ताठ उभे राहायचे. हात कोपरात काटकोनात दुमडायचा. कोपरापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. चिरण्या-निवडण्याच्या कामाला ओटा त्याहून सुमारे चार इंच खाली हवा. कणीक मळणे, लाटणे, थापणे यांत जोर लावायचा असतो, त्याला सहा ते आठ इंच खाली. शेगडी स्वतःच चार-पाच इंच उंच, तिच्यावर पातेले, म्हणजे शेगडीखालचा ओटा आणखी खाली असला तर बरे. सिंकचे उलटे. सिंकचा तळ ओट्यापासून सात-आठ इंच खोल असतो आणि भांडी त्या तळाशी घासायची असतात, म्हणून सिंक ओट्यापेक्षा वर हवे. माझ्या मैत्रिणीचे कोपर साडेछत्तीस इंचांवर. तिच्या पस्तीस इंचांच्या ओट्यावर शेगडी, शेगडीवर कुकर, म्हणजे कुकरचे झाकण तिच्या खांद्याशी. आमटी उतू जाते का ते बघायला ती टाचा उचलत होती. उंच बाईची गत वेगळी: तिला साधा ओटाही खाली पडतो आणि सिंकपाशी तर ती कमरेत मोडते. पाच फूट सात इंचांच्या बायका आपल्या गटांत आहेत, त्यांना कंबरदुखी विचारा.

म्हणजे एका सलग पट्टीचा, एका उंचीचा ओटा हीच मुळात चुकीची गोष्ट आहे. तो दिसायला छान दिसतो. तो बघणाऱ्यासाठी केलेला असतो.

कारखान्याबद्दल आपण हे कधी मान्य केले असते का? १९४८ मध्ये आपल्या देशाने कारखान्यांचा कायदा केला तेव्हा ४४ व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय ठेवण्याची तरतूद होती. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर उभे ठेवत, भिंतीला टेकूही देत नसत. पी. विजी आणि त्यांची ‘पेनकूट्टू’ ही संघटना वर्षानुवर्षे लढली, आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानातल्या कामगाराला बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तमिळनाडूने तेच केले. त्या लढ्याच्या बातम्या आपण वाचल्या, अभिनंदनाचे ठराव केले. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात स्टूल मागताना आपल्याला चोरट्यासारखे वाटते. स्टुलावर बसून पोळ्या करणारी बाई आळशी, हे आपल्याच डोक्यात इतके घट्ट बसले आहे.

आता आपल्याच मैत्रिणींच्या आक्षेपाकडे येते, कारण तो मिस्त्रीच्या आक्षेपापेक्षा जड आहे. बैठकीत एकजण म्हणाली: ओटा बाईच्या मापाने करा म्हणजे स्वयंपाक बाईचाच, हे आपण दगडात कोरून देतो. आपली मागणी काम वाटून घेण्याची आहे, ओटा सोयीचा करण्याची नाही. सोयीच्या ओट्याने बाई आणखी तास तिथे उभी राहील.

या म्हणण्यात तथ्य आहे. घरकाम ‘शास्त्रीय’ करण्याच्या नादात बाईला एकटीला एका अरुंद खोलीत कोंडले, ही टीका फ्रँकफुर्टच्या त्या स्वयंपाकघरावरही १९७० च्या दशकापासून स्त्रीवाद्यांनीच केली. मिक्सर आला म्हणून नवऱ्याने चटणी वाटली असे झाले नाही, हेही आपण पाहिले. पण या युक्तिवादाचा शेवट काय होतो ते बघा. वाटणी होईपर्यंत खांदा दुखू द्या. गिरणी कामगाराला कोणी कधी सांगितले का, की गिरणी तुमच्या मालकीची होईपर्यंत यंत्राला जाळी मागू नका? कामाचे तास, कामाचा दाम आणि कामाची जागा, तिन्ही मागण्या एकत्रच चालतात. आणि उंचीचा प्रश्न नीट काढला तर वाटणीचा प्रश्न आपोआप निघतो. टेप हातात आला की पहिला प्रश्न येतो: कोणाकोणाची मापे घ्यायची? माझ्या मैत्रिणीने तो विचारला. नवऱ्याचे कोपर त्रेचाळीस इंचांवर निघाले. मग त्याच्या कामाची जागा कोणती? तोपर्यंत ‘मी मदत करतो’ म्हणणाऱ्या माणसाला पहिल्यांदा ओट्याचा एक तुकडा नावावर घ्यावा लागला. त्याने सिंक घेतले. सिंक वर उचलले, त्याच्या मापाने. भांडी आता त्याची. हे दोन माणसांच्या घरात जमले, सगळीकडे जमेल असे मी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप, हा मध्यमवर्गी चोचला आहे. झोपडपट्टीत ओटा कुठला? मला वाटते हे बोलणाऱ्या मैत्रिणी अलीकडे पुनर्वसनाच्या इमारतींत गेलेल्या नाहीत. मुंबईत झोपडीच्या बदल्यात आधी २२५ चौरस फुटांची घरे मिळत, मग २६९, आणि आता ३००. त्यात बिल्डरने घातलेला ओटा सगळ्या मजल्यांवर एकाच उंचीचा. झोपडीत असताना ज्या बाईने स्वतःच्या हाताने, स्वतःला पुरेल एवढा कट्टा बांधला होता, शेगडी कुठे, हंडा कुठे हे स्वतः ठरवले होते, तिला या पक्क्या घरात आयता ओटा मिळाला आणि ठरवण्याचा हक्क गेला. पुनर्वसनाच्या बैठकांत आपण पाणी, लिफ्ट, करारावर बाईचे नाव हे सगळे बोलतो. ओट्याची उंची मजल्यावरच्या बायकांना विचारून ठरवा, दोन-तीन उंच्यांचे पर्याय द्या, हे बिल्डरला सांगायला काय हरकत आहे? बांधतानाच विचारले तर खर्च फारसा वाढत नाही. विटेचा एक थर कमी किंवा जास्त, एवढाच फरक.

बाईच्या नावाचे म्हणाल, तर २०२१ पासून महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतले की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, म्हणून कितीतरी घरे बायकांच्या नावावर झाली. माझ्या मैत्रिणीचे घरही तिच्याच नावावर आहे. मालकीण पाटावर उभी होती.

आणि ज्या घरात दुसरी बाई येऊन भांडी घासते, पोळ्या करते, तिथे? घरकामगार बाई दिवसाला चार-पाच घरी जाते. एका घरचा ओटा छातीशी, दुसऱ्या घरी मोरीत उकिडवे बसायचे, तिसऱ्या घरी बेसिनमध्ये वाकायचे. तिच्यासाठी २००८ मध्ये महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा कायदा केला, पण कामाची जागा म्हणून आपले स्वयंपाकघर त्यात कुठे येते? ‘ताई, सिंक जरा वर घ्या’ असे ती म्हणू शकत नाही. म्हणून तिला आपण विचारायचे. दुरुस्ती काढण्यापूर्वी तिचेही कोपर मोजायचे. ज्या मैत्रिणी पायाने अधू आहेत, खुर्चीवरून वावरतात, त्यांना ओट्याखाली ट्रॉल्या नकोत, मोकळी जागा हवी, गुडघे आत जायला हवेत. तीच मोकळी जागा म्हाताऱ्या सासूबाईंच्या स्टुलालाही उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष कामाविषयी, कारण ‘ग्रॅनाइट फुटेल’ या एका वाक्यावर बहुतेक बायका माघार घेतात. ओटा वर घेणे सोपे असते. खाली घेणे अवघड, पण अशक्य नाही. आधी ओट्यालगतची टाइल्सची ओळ छिन्नीने काढावी लागते, कारण दगड भिंतीत खाचेत बसवलेला असतो. वरचा ग्रॅनाइट खालच्या कडप्प्याला सिमेंटने चिकटवलेला असेल तर एखादा तुकडा तडकण्याची तयारी ठेवा. कडप्प्याचे किंवा विटांचे उभे पाय हव्या तेवढे छाटायचे. सिंकचा पाइप भिंतीत जिथे शिरतो ती जागा नव्या उंचीपेक्षा खाली राहते ना, एवढे आधी बघून घ्या. पाणी उतारानेच जाते. आणखी एक: जुन्या फरशीवर नवी फरशी बसवायची असेल तर जमीनच इंच-दीड इंच वर येते, म्हणजे ओटा आपोआप तेवढा खाली येतो. हे न धरता माप दिले तर फसगत होते. ट्रॉल्या ओट्याच्या कडेबरोबर आणू नका, तळाशी तीन-चार इंच आत घ्या, म्हणजे पावले आत जातात आणि वाकावे लागत नाही. मैत्रिणीच्या घरी ग्रॅनाइटचा एक तुकडा तडकलाच. तो शेगडीखाली बसवला, दिसत नाही. एका ट्रॉलीच्या जागी उघडी फळी आली. भिंतीवरच्या त्या चार इंचांच्या पट्टीत उरलेल्या वेगळ्या रंगाच्या टाइल्स लावल्या आहेत. त्या दिसतात. दिसू देत.

दगड घरात कापू देऊ नका. आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या फुप्फुसात धूळ जाणार असेल तर तोही आपलाच प्रश्न आहे. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते. कृत्रिम क्वार्ट्झचे जे गुळगुळीत ओटे आता खपतात त्यांत तर नव्वद टक्क्यांहून जास्त असू शकते. कापणारा पोरगा तोंडाला रुमाल बांधून कटर चालवतो, त्या रुमालाने काही अडत नाही. याच धुळीने कामगारांना सिलिकोसिस होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदी घातली. मिस्त्रीला सांगा, कापायचे ते बाहेर मोकळ्यावर, पाणी सोडत कापायचे, आणि नीट मास्क लावून. साधा कडप्पाही ओट्याला चालतो, आपल्या आयांनी तोच वापरला.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने टेप आणावा अशी आमच्या गटाची सूचना आहे. कोपराची उंची, घरच्या ओट्याची उंची, सिंकच्या तळाची उंची, आणि ओटा बांधताना कोणाला विचारले होते, एवढे चार रकाने. घरकामाला येणाऱ्या बाईचे माप वेगळ्या ओळीत लिहा, आणि पुरुषांचीही मापे घ्या. इतर गटांनीही हे करून कागद मासिकाकडे पाठवले तर पुनर्वसनाच्या बिल्डरांपुढे आणि ट्रॉलीवाल्यांपुढे ठेवायला आपल्या हातात काहीतरी असेल.